कोकरू वजा एकाहत्तर पॉइंट चार

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, त्यामुळे यात फक्त सत्य.

ऑफिसातून दोन महिन्यांची रजा मंजूर. साहेबांनी अर्ज वाचला आणि मान वर न करता सही केली. एकवीस वर्षं विम्याच्या दाव्यांवर शिक्के मारले, आता पुरे. माझं खरं क्षेत्र मेंढीपालन आहे हे मला गेल्या महिन्यात कळलं.

मेंढ्या हिच्या आहेत. म्हणजे माझ्या बायकोच्या आणि तिच्या थोरल्या बहिणीच्या. थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो. ताई मला जावईबापू म्हणतात, पण त्यात आदर किती हे अजून कळलेलं नाही. यंदा चव्वेचाळीस मेंढ्या व्यायल्या. त्यांना दोघी काय घालतात? वाळलेलं गवत, ओंजळभर भरडा आणि पाणी. सासरे घालायचे तेच. दूध वाढवायचं असेल तर आहार बदलायला हवा, हे मी जेवताना चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी ही म्हणाली, घ्या चार मेंढ्या आणि दाखवा करून.

अट ठरली. आठ आठवडे. माझ्या चार मेंढ्यांची कोकरं हिच्या कोकरांपेक्षा वजनदार निघाली, तर सगळ्या कळपाचा खुराक माझ्या हाती आणि मी नोकरी सोडायची. नाही निघाली, तर मुकाट्याने ऑफिस आणि मेंढ्यांबद्दल पुन्हा अक्षर काढायचं नाही. मी लगेच हो म्हटलं. ही पण लगेच हो म्हणाली. जरा जास्तच लगेच.

दुपारी राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला.

५ फेब्रुवारी, बुधवार.
शेडचा कोपरा फळ्या लावून वेगळा केला. मेंढी क्रमांक १ ते ४. ताईंनी त्यांची नावं सांगायला सुरुवात केली, मी थांबवलं. शास्त्रात नावं नसतात.

पुस्तकाचं नाव ठरलं: ‘लेकुरवाळ्या मेंढीचा आहार: एक नवी दिशा’. प्रस्तावनेचं पहिलं पान झालं. उरलेलं पुस्तक निष्कर्ष आल्यावर.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
दुग्धवर्धक वडी क्र. १ तयार. भाजलेले ओट, जवस, शेंगदाण्याची पेंड, काकवी, चिमूटभर मीठ. ओव्हनमध्ये वीस मिनिटं. घरभर असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली, आज काय आहे. म्हटलं, संशोधन आहे.

चाळीस वड्या झाल्या. प्रयोग करणाऱ्याने खुराक आधी स्वतः चाखून बघितला पाहिजे, नाहीतर मुक्या जनावरावर अन्याय. सहा चाखल्या. पहिल्या पाचांत मीठ नीट कळलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
मेंढी क्र. १ ने दोन वड्या खाल्ल्या. क्र. २ ने हुंगल्या आणि शिंकली. क्र. ३ ने एक खाल्ली. क्र. ४ माझ्याकडे बघत राहिली. उरलेल्या वड्या शिळ्या होऊ देणं बरोबर नाही. शिल्लक: शून्य.

९ फेब्रुवारी, रविवार.
वजनाची पद्धत ठरली. बहिणी दोघी शेडमधल्या टांगत्या काट्याला कोकरू झोळीत घालून लटकवतात. रानटीपणा आहे. लटकलेलं कोकरू घाबरतं, आणि घाबरलं की वजन घटतं.

माझी पद्धत अशी. आईचा जुना बोलका काटा माळ्यावरून काढला. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं म्हणून घेतलेला. त्यावर उभं राहिलं की आतली बाई वजन मोठ्याने सांगते. मी कोकरू कडेवर घेऊन उभा राहतो आणि आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करतो. माझं वजन ७१.४. जानेवारीत ऑफिसच्या तपासणीत कार्डावर लिहून मिळालं आहे, सही-शिक्क्यानिशी. ताईंनी विचारलं, दर वेळी स्वतःलाही मोजणार ना? मी हसलो. कोकरू वाढतं, माणूस चाळिशीनंतर वाढत नाही. याला शास्त्रात कॉन्स्टंट म्हणतात.

आजचं सरासरी वजन: ४ किलो. हिच्या कोकरांचंही तेवढंच. सुरुवात बरोबरीची आहे, पुढे कुणी कुरकुर करायची नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०.
आज दूध प्रत्यक्ष मोजलं. पद्धत साधी. कोकरू दोन तास आईपासून लांब ठेवायचं. मग वजन करायचं, पिऊ द्यायचं आणि पुन्हा वजन करायचं. जो फरक येईल ते दूध.

क्र. १ चं कोकरू, पिण्याआधी ७५.६. ते पीत असताना मी बाजूच्या स्टुलावर बसलो. दोन कप चहा आणि चार वड्या झाल्या. पिऊन झाल्यावर ७६.२. म्हणजे सहाशे ग्रॅम दूध, एका वेळेला! ताईंना सांगितलं. त्यांनी कोकराच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाल्या, याचं पोट तर खपाटीला आहे. मी म्हटलं, दूध पचलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
एक मोठा शोध. दुधात पाणी असतं. ते कुठून येतं? मेंढी पिते तिथून. मग मेंढीला पाणी कमी दिलं तर दूध घट्ट होणार, इतकं सोपं आहे. हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही! चारही बादल्या अर्ध्यावर आणल्या.

गवतही कमी केलं. पोट गवतानेच भरलं तर वडीला जागा कुठे राहणार?

१५ फेब्रुवारी, शनिवार.
सकाळी बघतो तर बादल्या काठोकाठ भरलेल्या. म्हणजे मेंढ्यांनी पाण्याला तोंडसुद्धा लावलं नाही. जनावराला आतून कळतं.

ताई तिथेच हात पुसत उभ्या होत्या. त्यांना हे सांगितलं. त्या रिकामी कळशी उचलून घरात गेल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार.
हिच्याशी भांडण. कारण क्षुल्लक. ओव्हनची जाळी मी काकवीने चिकटवली असं हिचं म्हणणं. स्वयंपाकघर माझ्यासाठी बंद. चहा नाही, वड्या आत कपाटात.

दूध मोजलं. फरक फक्त शंभर ग्रॅम!

निष्कर्ष: घरातल्या भांडणाचा मेंढीच्या दुधावर थेट परिणाम होतो. पुस्तकात स्वतंत्र प्रकरण.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
हिला कालचे आकडे दाखवले. माझ्याशी असं वागलीस तर बिचाऱ्या मेंढ्या भोगतात, असं नीट समजावलं. हिने आकडे दोनदा वाचले. मग चहा केला.

दूध पुन्हा सहाशे ग्रॅम. सिद्ध झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
क्र. ३ चं पोट बिघडलं. रवंथ बंद, मान खाली. हिने गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण आहेत, चष्मा नाकावर घसरतो. त्यांनी विचारलं, एकदम दाणा किती वाढवला? मी वडीचा फॉर्म्युला सांगितला. ते म्हणाले, खुराक चांगला आहे, पण हळूहळू वाढवायचा असतो आणि पोटात आधी भरपूर गवत लागतं. पाजणाऱ्या मेंढीला पाणी तर ढिगाने लागतं, दूध म्हणजे बहुतेक पाणीच. मी म्हटलं, तेच तर. आमचं एकमत आहे असं मला वाटलं, पण त्यांचा चेहरा तसा दिसला नाही.

जाताना त्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी खिशात टाकली. व्यावसायिक हेरगिरी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
क्र. ३ बरी आहे. काल दुपारभर तिच्याजवळ बसलो होतो. मला खूप भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. तिचं कोकरू सगळ्यांत लहान आहे, आई उठेना म्हणून ते तिला सारखं डोकं मारत होतं.

आजपासून मेंढ्यांना वडी निम्मी. पण घाणा तेवढाच. प्रमाण बदललं की ओव्हनचं तंत्र बिघडतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार.
साप्ताहिक वजन. सरासरी ७.६! हिच्या कोकरांचं टांगत्या काट्यावर ७.१. रात्री जेवताना विषय काढला नाही. फक्त आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मिठाच्या बरणीला टेकवून ठेवले.

२ मार्च, रविवार.
पट्टा आटला. चामडं दमट हवेत आटतं. शेडमध्ये दमटपणा फार. नवीन भोक पाडलं.

५ मार्च, बुधवार.
सरासरी ९.८. हिची ८.९. ताईंना बोलावून कोकरू दाखवलं. त्यांनी पाठीच्या कण्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, हाड लागतंय हो. हाताने वजन करायचा जमाना गेला असं मी सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, जावईबापू, तुमची तब्येत मात्र छान सुधारली. हवापालट, मी म्हटलं.

८ मार्च, शनिवार.
सगळ्यांत लहान कोकरू फळीच्या फटीतून पलीकडे जाऊन हिच्या मेंढीला पिताना सापडलं. त्या मेंढीने लाथ घातली तरी पुन्हा गेलं. चोर निघालं. घरात एवढं सहाशे ग्रॅम असताना बाहेर कशाला तोंड घालायचं? मुलांचे लाड झाले की असंच होतं. फट बुजवली.

दुपारी फट पुन्हा उघडी. ताई म्हणाल्या, फळी जुनी आहे, आपोआप सरकते.

१३ मार्च, गुरुवार.
ही कपडे फार गरम पाण्यात धुते. तीन शर्ट आटले. बटणं लागत नाहीत. सांगितलं तर म्हणते, थंड पाण्यातच धुतले. पुरावे समोर असताना खोटं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालू नये.

स्टूल मोडलं. वाळवी.

१९ मार्च, बुधवार.
सरासरी १४.१! हिची १२.२. आता शंका उरली नाही. वडी क्र. ४ मध्ये मनुका घातल्या. मेंढ्या मनुका वेचून बाजूला टाकतात. पुन्हा माझ्यावर जबाबदारी.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मी आणि क्र. १. फोटोसाठी कोट घातला होता, तो काखेत उसवला. कापड हलकं असतं हल्ली.

२४ मार्च, सोमवार. दुपारी १२.
राजीनामा टपालात टाकला.

हिला सांगितलेलं नाही. रविवारी डॉक्टरांसमोर अखेरचं वजन आहे, तेव्हाच सगळ्यांसमोर जाहीर करायचं. सरप्राइज. पेटीत पाकीट पडल्याचा आवाज ऐकला आणि डोळे भरून आले. एकवीस वर्षं मी कुणाच्या फुटलेल्या काचेचे आणि भिजलेल्या गालिच्याचे अर्ज वाचले. आता रोज सकाळी उठून मेंढ्यांकडे जायचं. मला हे फार हवं होतं. इतकं की हिलाही कधी नीट सांगता आलं नाही.

परत येताना काकवीचा मोठा डबा घेतला. चव्वेचाळीस मेंढ्यांचा विचार करायला हवा.

२९ मार्च, शनिवार.
रंगीत तालीम. माझ्या काट्यावर सरासरी १६.५. हिची काल १४.२. उद्याचं भाषण दोन पानी. शेवटी बहिणींच्या पारंपरिक कष्टांचा गौरव. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं.

३० मार्च, रविवार. दुपारी ४.
शांतपणे लिहितो.

सकाळी अकराला डॉक्टर आले. त्यांचा आग्रह, सगळी कोकरं एकाच काट्यावर मोजायची. मी विरोध नोंदवला. क्र. १ चं कोकरू झोळीत घातलं. १०.८. क्र. २ चं १०.५. क्र. ३ चं सगळ्यांत लहान, ९.७. क्र. ४ चं १०.६. सरासरी १०.४.

मी म्हटलं, काटा बिघडलाय. डॉक्टरांनी पंचवीस किलोचं सीलबंद पोतं लटकवलं. पंचवीस. मी म्हटलं, मग माझाही तपासा. पोतं बोलक्या काट्यावर ठेवलं. आतली बाई म्हणाली, पंचवीस. दोन्ही काटे बरोबर आणि कोकरं दोन वजनांची! मी डॉक्टरांना म्हटलं, हा विज्ञानातला नवा प्रश्न आहे, यावर आपण दोघे मिळून लिहू.

तेव्हा ही म्हणाली, अहो, जरा रिकाम्या हाताने उभे राहा बरं त्याच्यावर.

राहिलो.

बाई म्हणाली, सत्याहत्तर पॉइंट पाच.

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसला. ताई उपड्या बादलीवर बसल्या आणि तोंडावर पदर धरून हलायला लागल्या. आधी वाटलं रडताहेत. नव्हत्या. डॉक्टर शेवटी म्हणाले, आठ आठवड्यांत सहा किलो शंभर ग्रॅम, खुराक उत्तम आहे यात शंका नाही. मग त्यांनी दूध मोजताना मी काय करत होतो ते विचारलं. मी चहाचं सांगितलं. मग तेही बादलीच्या शोधात गेले.

ही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या चारही मेंढ्यांच्या कासेला हात लावून बघितला, फळ्या काढल्या आणि कोकरांसकट त्यांना कळपात सोडलं. सगळ्यांत लहान कोकरू थेट गवताकडे धावलं. त्या कोकरांना चार किलो कमी मिळाले आणि ते मी खाल्ले, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लाज वाटली.

भाषण केलं नाही. राजीनाम्याचंही सांगितलं नाही.

३१ मार्च, सोमवार.
सकाळी हिला म्हटलं, जरा फिरून येतो. थेट ऑफिस. प्लॅन असा: साहेबांना सांगायचं की पत्र चुकून गेलं, ते हसतील, मी हसेन, विषय संपला.

साहेब म्हणाले, पत्र गुरुवारीच मिळालं आणि गुरुवारीच मंजूर केलं. इतक्या वेगाने या ऑफिसात आजवर काहीही मंजूर झालेलं नाही. निरोप समारंभ शुक्रवारी झाला. मी नव्हतो, पण फार छान झाला म्हणे. केक संपला. फोटो दाखवला, सगळे हसताहेत. माझ्या टेबलावर आता फोटोकॉपी मशीन आहे. मी पाहायला गेलो तर शिपाई म्हणाला, बाजूला व्हा जरा, ते गरम असतं.

संध्याकाळी हिला सांगितलं. वाटलं होतं रागावेल. ही फक्त म्हणाली, म्हणजे तुम्ही आता दिवसभर घरी? ताई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दिवसभर? मग दोघी आत गेल्या आणि दार लावून घेतलं. अर्धा तास बोलत होत्या. मी दाराला कान लावला नाही. कुजबुज होती, ऐकू आली नसती.

१ एप्रिल, मंगळवार.
शेडमध्ये जायला मनाई. तात्पुरती आहे असं वाटतं.

नवा विचार: कोंबड्या. त्यांना कडेवर घेऊन मोजावं लागत नाही, अंडी नुसती मोजायची. दुपारी हे हिला सांगायला गेलो. तोंड उघडायच्या आधीच ही म्हणाली, नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.
तीन दिवसांत चारही कोकरं टांगत्या काट्यावर प्रत्येकी आठशे ग्रॅमने वाढली. खुराक तोच जुना: गवत, भरडा, पाणी. फक्त मी आत गेलो नाही. या वाढीचं शास्त्रीय कारण अजून सापडलेलं नाही.

आज सकाळी ही नवी साडी नेसून बाहेर गेली. दुपारी आली ती माझ्या साहेबांना भेटूनच. मला सोमवारपासून परत घेतलंय. टेबल नाही, पण मशीनच्या शेजारी खुर्ची ठेवतील. मला गहिवरून आलं. माझ्यासाठी ही तिथपर्यंत गेली, शब्द टाकला. मी विचारलं, काय सांगितलंस त्यांना? माझा अनुभव? एकवीस वर्षांची सेवा?

ही म्हणाली, तसलं काही नाही. साहेबांच्या घरीही मेंढ्या आहेत, मी त्यांच्याशी खरं तेच बोलले. म्हटलं, हे घरी असले की आमच्या मेंढ्या आटतात.

त्यांना लगेच पटलं म्हणे.